सीलबंद पाकिटातली डिग्री

आमच्या धंद्यात डिग्री कुणी बघत नाही, असं आम्ही सॉफ्टवेअरवाले मोठ्या तोऱ्यात सांगत असतो. कोड येतो का ते बघतात, बाकी काय! मुलाखतीत लिंक्ड लिस्ट उलटी करायला लावतील, व्हाइटबोर्डसमोर तासभर घाम काढतील, पण बी.ई.ला किती टक्के होते हे विचारणारा माणूस मला गेल्या पंधरा-सोळा वर्षांत भेटलेला नाही. हे सगळं खरं आहे, पण एकाच देशात राहून नोकऱ्या बदलत असाल तोवरच. देश बदलायचा म्हटलं की तीच विस्मरणात गेलेली डिग्री आईला फोन करून माळ्यावरच्या ट्रंकेतून शोधून काढावी लागते. कंपनीला ती नको असते हो, ती व्हिसाला हवी असते.

या विषयावर बरेच दिवस लिहायचं मनात होतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायचा असेल त्यांना सोपं जाईल :-) डिग्री खरी की खोटी हे पक्कं माहीत असणारी जागा जगात एकच असते, ती म्हणजे विद्यापीठाचं रजिस्टर. पण आपली व्यवस्था ते रजिस्टर सोडून बाकी सगळ्यांना प्रश्न विचारत सुटते. सगळ्यात जास्त विचारते ती डिग्रीधारकाला, ज्याच्या शब्दाला या बाबतीत काडीची किंमत नाही असं तिनेच ठरवलेलं असतं.

उदाहरण म्हणून ट्रान्सक्रिप्ट घ्या. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो शेवटच्या वर्षाला असताना, एका अमेरिकन फॉर्मवर. आपल्याकडे प्रत्येक सेमिस्टरची वेगळी मार्कशीट मिळते. सगळ्या वर्षांचे विषय आणि गुण एकत्र लिहिलेला अधिकृत कागद ही भानगडच तेव्हा नव्हती. कॉलेजच्या ऑफिसात चौकशी केली, तर खिडकीतल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "नमुना समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे आहे. टाइप करून आणा, शिक्का मारून देऊ." म्हणजे माझे गुण मीच टाइप करायचे. ते तपासायला मार्कशीट लागणार, तीही मीच न्यायची. पाकिटंसुद्धा मीच आणायची, आणि तीही लांबट, खाकी, झेरॉक्सवाल्याकडचीच. मग त्या कागदावर सही, पाकिटाच्या तोंडावर अर्धा इकडे अर्धा तिकडे असा शिक्का, वर पारदर्शक चिकटपट्टी. आणि ती पाकिटं परत माझ्याच हातात! "उघडू नका हं, उघडलं तर चालत नाही."

आता बघा, या माणसावर विश्वास नाही म्हणून पाकीट सील करायचं. पण आतला मजकूर त्याने लिहिलेला, पाकीट त्याने विकत आणलेलं आणि पोस्टात टाकणाराही तोच. आमच्याकडे याला क्लायंट-साइड व्हॅलिडेशन म्हणतात. कोड रिव्ह्यूमध्ये असलं काही सापडलं, तर नव्या पोरालासुद्धा चार शब्द ऐकावे लागतात. विद्यापीठांच्या बाबतीत मात्र अख्ख्या जगाने हा प्रकार कितीतरी वर्षं बिनतक्रार मान्य केला. आता बऱ्याच विद्यापीठांनी ऑनलाइन अर्ज घेऊन ट्रान्सक्रिप्ट थेट समोरच्या संस्थेला पाठवायची सोय केली आहे, ते चांगलंच झालं. पण मधल्या काळात किती जणांचे अर्ज फक्त पाकिटाचा कोपरा फाटला म्हणून परत आले असतील, कोण जाणे.

त्या पाकिटांचं पुढे काय होतं, तर परदेशात मूल्यमापन करणाऱ्या संस्था असतात. न्यूयॉर्कची वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडी असलेली 'वेस' १९७४ पासून हेच काम करते आहे. तुमची डिग्री त्यांच्या देशातल्या कशाच्या बरोबरीची, हे ती सांगते. कॅनडाने २०१३ मध्ये फेडरल स्किल्ड वर्करच्या अर्जाला असा अहवाल सक्तीचा केला आणि 'ईसीए झाला का?' हा प्रश्न आपल्या लग्नकार्यांतही ऐकू येऊ लागला. त्यातली गंमत अशी की हा अहवाल पाच वर्षांच्या आतला लागतो. १९९८ साली पास झालेला माणूस १९९८ सालीच पास झालेला राहतो, त्यात काही बदल होत नाही. पण अहवाल मात्र लोणच्यासारखा मुदतीचा! (लोणचं तरी पाच वर्षांत चांगलं मुरतं.)

आखातात जाणाऱ्यांची कथा वेगळी. तिथे मूल्यमापनापेक्षा शिक्क्यांचं माहात्म्य जास्त. दुबईच्या नोकरीसाठी डिग्री आधी विद्यापीठाकडून पडताळून घ्यायची, मग राज्याच्या शिक्षण खात्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. हीच शिक्क्यांची माळ तोडायला १९६१ मध्ये हेग इथे एक करार झाला होता. सदस्य देशांनी एकमेकांचा एकच शिक्का मानायचा, त्याचं नाव अपोस्टिल. भारत त्यात २००५ साली सामील झाला. पण अमिरात त्या करारात नाही, त्यामुळे तिकडे माळ कायम. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप नोंदवला. कॅनडा तर थेट जानेवारी २०२४ मध्ये आत आला.

आणि हा अपोस्टिल नक्की काय सांगतो माहीत आहे का? खालची सही अमुक अधिकाऱ्याची आहे आणि शिक्का त्याच्या कार्यालयाचा आहे, एवढंच. कागदात लिहिलेलं खरं आहे असं तो म्हणतच नाही; करारातच तसं स्पष्ट आहे. थोडक्यात, दुसरा शिक्का पहिल्याला 'ओळखतो' म्हणतो आणि तिसरा दुसऱ्याला ओळखतो म्हणतो. रजिस्टर उघडून कुणी पाहिलं असेलच, तर ते अगदी पहिल्या पायरीवर. पुढच्या सगळ्या पायऱ्या या ओळखपरेडीच्या. आपण पैसे भरतो ते मुख्यतः त्या पायऱ्यांचे, आणि त्यावर आपापली घरं चालवणाऱ्या एजंटांचे.

नावांचा गोंधळ हा तर खास आपला प्रांत. महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि अलीकडे शेवटी आईचंही. परदेशातला कारकून शेवटचा शब्द आडनाव म्हणून उचलतो आणि तुमची पासपोर्टवरची ओळख डिग्रीवरच्या ओळखीशी जुळत नाही. बायकांचे हाल तर विचारू नका. पंजाबी किंवा तमिळ मैत्रिणींना आपली पद्धत समजावून सांगताना माझ्या बायकोला दर वेळी धाप लागते: लग्नानंतर आडनाव बदललं हे त्यांना कळतं, पण मधलं नावही बदलतं आणि काही घरांत तर पहिलंसुद्धा! डिग्रीवर एक बाई, पासपोर्टवर दुसरीच. मधला पूल म्हणून लग्नाचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात आणि 'या दोघी एकच' असं प्रतिज्ञापत्र. पंचवीस वर्षांपूर्वी आनंदाने घेतलेल्या उखाण्याची ही किंमत.

माणसांचं सोडा, आपल्याकडे विद्यापीठंही नाव बदलतात. कुणाच्या डिग्रीवर 'पूना', कुणाच्या 'पुणे', आणि २०१४ नंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. बॉम्बेचं मुंबई झालं १९९६ मध्ये. नागपूरला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं, जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं. गोवा विद्यापीठ १९८५ चं, त्यामुळे त्याआधी मडगावात किंवा म्हापशात शिकलेल्या माणसाची डिग्री मुंबईची. यातलं एकही नाव मला खटकत नाही, उलट बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ असणं मला मनापासून आवडतं. प्रश्न एवढाच की बंगलोरच्या किंवा मनिलाच्या कुठल्यातरी पडताळणी कंपनीत बसलेली मुलगी ड्रॉपडाउनमध्ये 'पूना' शोधते, तिला ते सापडत नाही, आणि ती 'अशी संस्था आढळली नाही' हा पर्याय निवडते. बस्स, तुमच्या फाइलवर लाल झेंडा. ड्रॉपडाउन बनवणारा आमच्यातलाच कुणीतरी असणार, हेही आलंच.

आता वर्षांचं गणित. आपलं बी.एस्सी., बी.कॉम. तीन वर्षांचं. दहा अधिक दोन अधिक तीन, म्हणजे पंधरा. अमेरिकेचं बारा अधिक चार, म्हणजे सोळा. १९७७ चा अमेरिकन इमिग्रेशन खात्याचा एक निर्णय आहे, 'मॅटर ऑफ शाह' या नावाचा. भारतातली तीन वर्षांची बी.एस्सी. ही अमेरिकन बॅचलर डिग्रीच्या बरोबरीची नाही, असं त्यात ठरलं. इतक्या वर्षांनंतरही त्याचा दाखला दिला जातो. इंग्लंडचीही डिग्री तीन वर्षांची, पण त्यांची शाळा तेरा वर्षांची, त्यामुळे बेरीज सोळा आणि तक्रार नाही. शिक्षण म्हणजे वर्षांची बेरीज! त्या पंधरा वर्षांत काय शिकवलं, कुठल्या पातळीचं शिकवलं, हा प्रश्नच मग मागे पडतो.

आमच्या जुन्या टीममध्ये सातारचा एक मित्र होता. पुणे विद्यापीठाची फिजिक्सची बी.एस्सी. आणि वर बाहेरच्या एका इन्स्टिट्यूटचा कॉम्प्युटर डिप्लोमा. डेटाबेसमधलं त्याच्याइतकं समजणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. त्याला एच-वन-बी मिळाला, कारण त्या व्हिसाच्या नियमात तीन वर्षांचा योग्य अनुभव म्हणजे कॉलेजचं एक वर्ष असं धरायची सोय आहे. तीन वर्षांची डिग्री, वर तीन वर्षांचा अनुभव, झाली चार वर्षं. ग्रीन कार्डाची वेळ आली तेव्हा त्याच खात्याने सांगितलं, की ती सोय या अर्जाला लागू नाही. तोच माणूस, तोच कागद. एका फॉर्मवर पदवीधर, दुसऱ्यावर नाही. मग तो 'ईबी-टू'ऐवजी 'ईबी-थ्री'च्या रांगेत गेला, तेही कुशल कामगार म्हणून. २०१४ च्या उन्हाळ्यात भारतीयांसाठी या दोन रांगांमध्ये साधारण पाच वर्षांचं अंतर होतं. रांग पुढे सरकेपर्यंत त्याची थोरली मुलगी एकवीस वर्षांची झाली आणि बापाच्या अर्जातून बाहेर पडली. तीन वर्षांची असताना आलेली मुलगी, इथेच शाळेत गेलेली. तिने स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढला, परदेशी विद्यार्थ्याची फी भरली. बाप अजूनही हसून सांगतो, "फिजिक्सऐवजी इंजिनिअरिंग घेतलं असतं तर..." मला ते हसणं ऐकवत नाही.

इथे कुणी म्हणेल, अहो पण फसवणूकही होतेच ना? होते, आणि भरपूर होते. २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचा बनावट डिग्र्यांचा कारखाना उघडकीला आणला, त्यात न अस्तित्वात असलेल्या विद्यापीठांच्या डिग्र्या जगभर विकल्या जात होत्या. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडात नर्सिंगच्या ७,६०० हून अधिक बोगस डिप्लोमांचं प्रकरण बाहेर आलं. पण या दुसऱ्या प्रकरणात एक मेख आहे. ते डिप्लोमे खऱ्याखुऱ्या संस्थांनीच दिलेले होते. शिक्षण तेवढं झालेलं नव्हतं. म्हणजे कागद अस्सल, सही अस्सल, शिक्का अस्सल. वरची सगळी माळ लावली असती तरी ते आरामात पार झाले असते. मग ही माळ नक्की कुणाला अडवते? ती अडवते ज्याचा कागद हरवला त्याला.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरात सांगलीत आमच्या ओळखीच्या एका ताईंचं घर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होतं. बी.फार्म. झालेल्या, नवऱ्याबरोबर कॅनडाला जायची तयारी चाललेली. पाणी ओसरल्यावर कपाटातली फाइल मिळाली ती लगद्याच्या रूपात. डुप्लिकेट डिग्रीसाठी पोलिसांचा गहाळ दाखला लागतो म्हणून त्या चौकीत गेल्या. तिथले हवालदार सज्जन होते, पण शब्दाला पक्के. "ताई, गहाळ म्हणजे कुठे गेलं ते माहीत नाही असं. तुमचं तर पाण्यात गेलं हे माहीत आहे की!" शेवटी पंचनाम्याची प्रत जोडून भागलं. मग प्रतिज्ञापत्र, मग विद्यापीठाचा फॉर्म. फॉर्मवर पहिलाच रकाना: बैठक क्रमांक. तो असतो मार्कशीटवर. मार्कशीट लगद्यात. आमच्या भाषेत, प्रायमरी की हरवली आणि नावावरून शोधायची सोय नाही. ताईंनी काय करावं? परीक्षेला पुढच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला. तिच्या मार्कशीटवरचा आकडा घेतला, त्यात एक मिळवला आणि फॉर्म भरला. बरोबर निघाला!

चार महिन्यांनी डिग्री आली, वर ठसठशीत शिक्का: 'डुप्लिकेट'. मराठीत डुप्लिकेट मालाला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. नशीब की कॅनडातल्या माणसाला मराठी येत नव्हतं, पण 'मूळ प्रत का नाही?' हे त्यानेही विचारलंच. त्या पत्राला त्यांनी उत्तर म्हणून वर्तमानपत्रातला आयर्विन पुलाचा पाण्याखालचा फोटो जोडला होता.

हे असंच असायला हवं, असं मुळीच नाही. युरोपात १९९७ चा लिस्बन करार आहे. त्यातलं एक कलम मला फार आवडतं: अर्जदाराची पात्रता कमी आहे असं म्हणायचं असेल, तर ते सिद्ध करायची जबाबदारी मूल्यमापन करणाऱ्या संस्थेची. अर्जदाराने माहिती प्रामाणिकपणे द्यायची, विद्यापीठाने विचारल्यावर पुरवायची. याच करारात निर्वासितांसाठी वेगळी तरतूद आहे, कारण बॉम्ब पडत असताना ट्रान्सक्रिप्ट घ्यायला कोण थांबणार? त्यातूनच २०१७ पासून कौन्सिल ऑफ युरोपने निर्वासितांसाठी पात्रता पासपोर्ट सुरू केला. हाताशी असतील ते कागद तपासायचे आणि मग जाणकार मूल्यमापकांनी सविस्तर मुलाखत घ्यायची. कुठे शिकलात, काय विषय होते, परीक्षा कशा व्हायच्या, प्रबंध कशावर होता. चार वर्षं खरंच शिकलेल्या माणसाकडे शंभर गोष्टी असतात ज्या बनावट डिग्रीवाल्याला पाठ करता येत नाहीत. तो पासपोर्ट म्हणजे डिग्रीची अधिकृत मान्यता नव्हे, पण नोकरी देणाऱ्यासमोर ठेवायला एक भरवशाचा कागद तरी होतो. सगळं गमावून आलेल्या सीरियातल्या माणसासाठी हे जमतं, तर सांगलीच्या बी.फार्म.साठी का जमू नये?

तंत्रज्ञान हा यात अडसर कधीच नव्हता. अमेरिकेत नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस १९९३ पासून आहे, ब्रिटनमध्ये हेड नावाची सेवा आहे, चीनमध्ये सरकारी वेबसाइटवर डिग्रीची पडताळणी होते. २०१७ मध्ये एमआयटीने १११ पदवीधरांना ब्लॉकचेनवर डिग्री दिली तेव्हा आमचे काही मित्र फार उत्तेजित झाले होते. मला त्यात तेव्हाही दम वाटला नाही. डिग्री देणारी संस्था एकच असते, तिने एक साधी डिजिटल सही केली आणि विचारणाऱ्याला हो किंवा नाही सांगितलं की काम झालं. तिथे हजार कॉम्प्युटरांचं एकमत कशाला हवं?

आपल्याकडेही हे झालं आहे, अर्धं का होईना. राष्ट्रीय शैक्षणिक भांडार २०१७ मध्ये सुरू झालं आणि पुढे डिजिलॉकरमध्ये आलं. आज पास होणाऱ्या पोराला डिग्री फोनवर दिसते, आणि ती कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीची. पण बहुतेक ठिकाणी ही सोय अलीकडच्या बॅचेसपुरती. ज्यांच्या डिग्र्यांना वाळवी लागली, ज्या पुरात गेल्या, ज्यांच्यावर 'पूना' लिहिलंय, त्यांच्या नोंदी अजून विद्यापीठांच्या तळघरातल्या जाडजूड रजिस्टरांतच आहेत. तिथे ना स्टार्टअप जाईल ना मंत्री, कारण फीत कापायला तिथे काहीच नाही. नुसती डेटा एंट्री. माझं म्हणणं, ती करा. सुरुवात जुन्यापासून करा, आणि शोध बैठक क्रमांकाऐवजी नाव आणि जन्मतारखेवर चालू द्या. मग परदेशातल्या संस्थेने अर्जदाराच्या संमतीने थेट तिथे विचारावं.

तोवर मामेबहिणीच्या मुलीला, जी या सप्टेंबरात जर्मनीला निघाली आहे, मी फोनवर जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. आपलं विद्यापीठ जर्मनांच्या अनाबिन यादीत 'एच प्लस' आहे का ते बघून त्या पानाची प्रिंट काढून ठेव. ट्रान्सक्रिप्टच्या चार प्रती जादा घे. सगळ्या मार्कशीट स्कॅन करून तीन ठिकाणी ठेव, बैठक क्रमांक वेगळा लिहून ठेव. आणि आईला सांग, फ्रेम वगैरे ठीक आहे, पण मूळ डिग्री कौतुकाने लॅमिनेट करू नकोस. त्यावर शिक्का उमटत नाही.

"मामा," ती म्हणाली, "ती आईने कालच केली."